१९५१ ची डॉज पिकअप, मीटरवर १८ हजार मैल: मुंबईत नेमाने चालवायची आहे

शिवडीकर
८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आमच्या घरची १९५१ ची डॉज पिकअप आहे. अर्ध्या टनाची, सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड पेट्रोल इंजिन, तीन गिअर, सहा व्होल्टची वायरिंग. चुलत आजोबांचा गिरगावात छापखाना होता. गोदामातून कागदाची रिमं आणायची आणि छापलेला माल पोचवायचा, एवढंच गाडीचं काम. छापखाना बंद झाला तशी ती शिवडीला एका कोरड्या गोदामात ताडपत्रीखाली गेली. मीटरवर १८ हजार आणि वर थोडे मैल आहेत. आरसी बुक आहे, नोंदणी खासगी आहे.

मला ही गाडी शोभेला ठेवायची नाही. शिवडी, लालबाग, भायखळा, दादर असं आठवड्यातून दोन-तीनदा चालवायची, कधी ठाण्यापर्यंत न्यायची. रंग आहे तसाच ठेवणार. दरवाजावर छापखान्याचं नाव हाताने रंगवलेलं आहे, ते पुसट झालंय पण वाचता येतं.

ज्यांना ज्यांना दाखवली त्यातले निम्मे म्हणाले, एवढी कमी चाललेली गाडी, ऑइल बदला आणि बॅटरी लावून स्टार्ट करा. बाकीचे म्हणाले, इंजिन काढा आणि डिझेल बसवा. दोन्ही मनाला पटत नाही. कामाला कुठून हात घालावा?

मास्तर_दादर
९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

स्टार्टर मारू नका. बाकी सगळं नंतर बोलू.

मी बसच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं. उभ्या गाडीचं इंजिन घाईने फिरवल्यामुळे बिघडलेलं बरंच पाहिलंय. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात. गाडी उभी राहिली की व्हॉल्व्हच्या दांड्या गाइडमध्ये गंजून, चिकटून बसतात. स्टार्टर दिला की कॅम त्यांना वर ढकलतो आणि त्या वरच अडकतात. मग कॉम्प्रेशन जातं, किंवा दांडी वाकते.

सहाही प्लग काढा. प्रत्येक भोकात पातळ ऑइल सोडा आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलला टाकून पुढून हँडल लावून हाताने फिरवा, हळू. कुठे अडलं तर जोर करायचा नाही, थांबायचं, पुन्हा ऑइल. बाजूचं व्हॉल्व्हचं झाकण उघडून कोणीतरी टॉर्च धरून बघत राहावं, बाराही व्हॉल्व्ह वर जाऊन स्वतःहून खाली येतात का. जो येत नाही त्याच्या दांडीला तेल, आणि लाकडाच्या तुकड्याने अलगद खाली.

दुसरं, १८ हजार मैल खरे की एकदा फिरून आलेले? ह्या मीटरला पाचच आकडे असतात, लाखाला पुन्हा शून्य होतं. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर बघा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, किंगपिनमध्ये (चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यात) खेळ किती ते कळेल. ब्रेक ड्रमच्या आत कडेला पायरी पडली आहे का बघा. हे तिन्ही खोटं बोलत नाहीत.

जीपवाली
९ फेब्रुवारी, दुपारी १:३५

मास्तरांना पूर्ण अनुमोदन. माझी सीजे-थ्रीबी जीप मी रोज कामाला नेते, मुलुंड ते विक्रोळी. ती मला मिळाली तेव्हा तीही अशीच ‘कमी चाललेली’ होती. कमी चाललेल्या गाडीत लोखंड चांगलं असतं आणि रबर सगळं संपलेलं असतं. पिस्टन, गिअर, डिफरन्शियल अगदी नवे. पण ब्रेकचे कप, होज, पेट्रोल पंपाचा पडदा, पंख्याचा पट्टा, इंजिनाच्या खालची रबरं, सील हे सगळं वयाने जातं, मैलांनी नाही. तेव्हा खर्च इंजिनावर नाही, ह्या वस्तूंवर धरा.

माझा क्रम सांगते: आधी थांबली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग चालली पाहिजे. ट्यूनिंग सगळ्यात शेवटी.

ताडपत्री
९ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

डिझेलचा विचार खरंच सोडू नका. आमच्याकडे गावाला जुन्या डॉजमध्ये डिझेल बसवलेलं होतं, कित्येक वर्षं चाललं. पेट्रोलचा हा भाव, वर हे इंजिन पिणार किती!

मास्तर_दादर
९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

ताडपत्री, माल वाहून पोट भरायचं होतं तेव्हा ते बरोबर होतं. इथे चालू होण्याजोगं मूळ इंजिन आहे. डिझेलचं वजन पुढच्या स्प्रिंगवर येणार, क्लचचं घर जुळवावं लागणार, सहा व्होल्टवर ते फिरणार नाही म्हणजे वायरिंगही गेली, आणि आरसी बुकात इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडून करून घ्यावी लागणार. एवढं करून आठवड्याला थोडंसं चालवायचं. त्या खर्चात पेट्रोल किती येईल ते मांडून बघा.

शिवडीकर
१६ फेब्रुवारी, रात्री ९:४५

मास्तर, इंजिन फिरलं! हाताने. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकले होते, पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरचे. तेल आणि लाकूड, तुम्ही सांगितलंत तसंच. आता दोन्ही मोकळे आहेत. पेडलचं रबर जवळजवळ नवं आहे, त्यावरची नक्षी दिसते. किंगपिनमध्ये खेळ नाही. मीटर खरा आहे असं धरतोय.

ब्रेकला हात घालायचा आहे. पेडल जमिनीपर्यंत जातं.

मास्तर_दादर
१७ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मागचेच दोन सिलिंडर अडकले होते हे लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येऊ.

ब्रेक. हायड्रॉलिक आहेत, पण सर्किट एकच आहे. आजच्या गाडीत एक सर्किट गेलं तरी दुसरं राहतं. इथे एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून ह्यात ‘चालतंय’ असं काही ठेवायचं नाही. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या फळीखाली असतो. ऑइल भरायला फळी उचलावी लागते, म्हणूनच वर्षानुवर्षं कुणी ते बघत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. आपल्याकडे हवा ही अशी, त्यात तुमची शिवडी खाडीला लागून. ओलीने सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडतात आणि नवे कप घातले तरी महिन्यात गळायला लागतात. खड्डे असतील तर लेथवाल्याकडून आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्या, मूळ मापाला. चाकांमधले सगळे सिलिंडर बघा, एकही विसरू नका. स्टीलचे पाइप बाहेरून चांगले दिसले तरी सगळे नवे ओढा.

मागचा ड्रम निमुळत्या अॅक्सलवर चावीने बसवलेला असतो. त्याला हबचा पुलर लागतो. घणाने ठोकून काढायला जाल तर बेअरिंग आणि डिफरन्शियल दोन्हीला मार बसतो. पुलर मिळाला नाही तर काम थांबवा, पण ठोकू नका. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस आहे. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेकच्या बुटांचं सेटिंग वेगळं आहे. प्रत्येक बुटाला वरून एक आणि खालून एक असं दोनदा जुळवावं लागतं. नुसता वरचा अॅडजस्टर फिरवून सोडला तर बूट अर्धाच टेकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर आहे. तो फक्त उभ्या गाडीसाठी. चालत्या गाडीत जोरात ओढू नका.

जीपवाली
१७ फेब्रुवारी, सकाळी ९:००

रबर होज आणि बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट. जुना भाग हातात घेऊन जा, नंबर विचारू नका, माप दाखवा. केबल आणि लग लोहार चाळीत. बाकी जुन्या गाडीचं सामान ऑपेरा हाऊसच्या दुकानांत विचारा, नसलं तर ‘कुणाकडे असेल’ ते तरी तिथेच कळतं.

टायरचं एक बरं आहे. तुमच्या गाडीला ६.००-१६ असेल तर तो जीपचाच टायर, सहज मिळतो. जुन्या टायरवर नक्षी कितीही दिसू दे, बाजूला चिरा असतील तर लगेच बदला.

शिवडीकर
२ मार्च, रात्री ११:०५

ब्रेक झाले. चाकांच्या सगळ्या सिलिंडरना आणि मास्टरला स्लीव्ह, सगळे पाइप नवे, नवे बूट.

टायरवरून मात्र एक प्रकार झाला. चाकं सोडवायला पंक्चरवाल्याकडे दिली. उजव्या बाजूची सरळ सुटली. डावीकडे त्याने पान्याला लांब पाइप लावला आणि अंगाचा भार टाकून पान्यावर उभा राहिला. एक स्टड तुटला. मग नटावर बारीक ‘एल’ दिसला. डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे आहेत. आता दोन्ही दरवाजांच्या आत पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवलेत, कुठल्या बाजूला कसं फिरवायचं ते.

मास्तर_दादर
३ मार्च, सकाळी ६:४०

बाण काढलेत ते उत्तम. डॉज ही क्रायस्लर कंपनीची, आणि क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांना डावीकडे उलटे आटेच असत.

आता थंड ठेवण्याचं. मागचे दोन व्हॉल्व्ह अडकले होते म्हणून हे बारकाईने वाचा. ह्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, वॉटर पंपाच्या मागे, पुढून मागपर्यंत पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. तिला बासरीसारखी भोकं असतात. पंपाचं थंड पाणी ह्या भोकांतून बरोबर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकांवर पडतं. नळी गंजली की सगळं पाणी पुढेच सुटतं आणि मागच्या सिलिंडरना पोचतच नाही. तिथले व्हॉल्व्ह तापतात, बैठका जळतात. बहुतेक मेकॅनिकना ही नळी आहे हेच माहीत नसतं. रेडिएटर बदलतील, थर्मोस्टॅट काढून फेकतील, आणि इंजिन तापतच राहील.

रेडिएटर आणि वॉटर पंप काढलात की समोरून तिचं तोंड दिसेल. आकड्याने ओढायची. गंजलेली तुकड्या-तुकड्यांनी येते, धीर धरा. नवी पितळी करून घ्या, भोकं जुनीच्या मापाने त्याच जागी. नळी बाहेर असताना ब्लॉकमधला गाळ तिथूनच पाण्याच्या प्रेशरने धुऊन काढा, बाजूचे गोल प्लगही काढून. सगळ्यात मागच्या कोपऱ्यात वाळूसारखा गाळ घट्ट बसलेला असतो, तो तारेने खरवडावा लागतो.

थर्मोस्टॅट ठेवाच. आणि जुन्या रेडिएटरला आजच्या गाडीची १३ पौंड दाबाची टोपी लावू नका, सांधे उकलतील. मूळ टोपीच लावा. कूलंट गंजरोधक घाला, नळाचं पाणी नको.

शिवडीकर
१५ मार्च, रात्री १०:१५

नळी काढली. पुढची वीतभर धड होती, मागे फक्त चाळण उरली होती. पाचव्या-सहाव्याच्या शेजारी पाण्याच्या जागेत गाळ इतका घट्ट होता की तार आत जात नव्हती. भायखळ्याच्या एका पत्र्याच्या कारागिराने पितळी नळी करून दिली, भोकाभोकाचं माप घेऊन. वयस्कर गृहस्थ आहेत. नळी हातात घेताच म्हणाले, ‘ही डॉजची, कुर्ल्याच्या गाड्यांची.’ त्यांनी पूर्वी अशा केल्या होत्या.

मास्तर_दादर
१५ मार्च, रात्री १०:५०

त्यांना माझा नमस्कार सांगा. कुर्ल्याच्या गाड्या म्हणजे प्रीमियरच्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, फार्गो, डिसोटो जुळायला लागल्या. त्याआधी जनरल मोटर्स १९२८ पासून तुमच्याच शिवडीला शेव्हर्ले जुळवत होती. ह्या शहराला ह्या गाड्यांची माहिती होती. ती माणसं अजून आहेत तोवर त्यांच्याकडून कामं करून घ्या, आणि शेजारी उभं राहून बघा.

कागदपत्रे_तपासा
१६ मार्च, दुपारी १२:२०

धागा वाचतोय, सुंदर चाललाय. एक महत्त्वाचं. कुणी तुम्हाला ‘व्हिंटेज नोंदणी करून घ्या’ असं सांगेल. केंद्राने २०२१ मध्ये त्याचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली दुचाकी-चारचाकी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण त्या नोंदणीवर गाडी नेमाने रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, अशा कामांपुरतीच. तुम्हाला रोज चालवायची असेल तर आहे ती साधी खासगी नोंदणी जपा. १५ वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो.

आरसी बुकात ‘मालवाहू’ असा शब्द कुठे आहे का तेही बघा. तसं असेल तर दरवर्षी फिटनेस आणि वेगळे नियम. पिकअपच्या बाबतीत हा घोळ नेहमी होतो. आणि कोस्टल रोडवर मालवाहू गाड्यांना बंदी आहे. मागे हौदा दिसला की पोलीस थांबवतील, कागद जवळ ठेवा किंवा सरळ दुसऱ्या रस्त्याने जा.

शिवडीकर
१६ मार्च, रात्री ९:३०

आरसी पुन्हा वाचलं. खासगी आहे, मालवाहू कुठे नाही. मुदत संपली आहे ती वाढवायला टाकतो. फार उपयोगी माहिती दिलीत, मी व्हिंटेजचाच फॉर्म भरायच्या बेतात होतो.

आता पेट्रोल. टाकीत खाली डांबरासारखा थर आहे. आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय?

जीपवाली
१७ मार्च, सकाळी ८:४५

टाकी उतरवून रेडिएटरवाल्याकडून आतून साफ करून घ्या. नुसता फिल्टर लावून भागवू नका, गंज कार्ब्युरेटरपर्यंत येतच राहतो.

२०२५ पासून पंपावरचं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. १९५१ ला हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. तीन गोष्टी होतात. एक, जुनं रबर आणि कॉर्क विरघळल्यासारखं मऊ होतं. म्हणून पंपाचा पडदा, होज, कार्ब्युरेटरचं गॅस्केट आणि कॉर्कचा फ्लोट असेल तर तोही इथेनॉल सहन करणारा घ्या. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल खाली सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका. दोन, इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज. ह्यावर एकच उपाय, आठवड्याला चालवणं आणि ताजं पेट्रोल. तीन, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून जेट किंचित मोठा लागतो. प्लगचा रंग पांढरट दिसला तर हेच कारण.

शिसं नसलेल्या पेट्रोलची मात्र काळजी करू नका. शिसं २००० साली देशभर बंद झालं, पण ह्या क्रायस्लर इंजिनात एक्झॉस्टच्या बैठका मुळातच कडक धातूच्या, वेगळ्या बसवलेल्या असतात. आणि कॉम्प्रेशन सातच्या आसपास, साधं पेट्रोल पुरे. महागडं प्रीमियम टाकून काही मिळत नाही.

मास्तर_दादर
१७ मार्च, रात्री ८:००

सगळं बरोबर. मेच्या उन्हात सिग्नलला उभं राहिलात की पेट्रोल लाइनमध्ये वाफ धरेल. पंपाचा एक्झॉस्टपासून बचाव करायला मधे पत्रा असतो, तो बहुधा कुणीतरी काढून टाकलेला असतो. बघा, नसेल तर बनवून घ्या.

इंजिन ऑइल घालण्याआधी सम्प खाली उतरवा. आत ऑइल ओढणारी जाळी तरंगती असते, ती गाळाने बुजलेली असेल. सम्प धुऊन घेतलात की मग आजचं डिटर्जंटवालं ऑइल बिनधास्त चालेल. सम्प न धुता घातलंत तर ते सगळा जुना गाळ सोडवून जाळीत नेऊन घालतं. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल घाला. जीएल-५ चं केमिकल पितळी सिंक्रो रिंगांना खातं. डिफरन्शियलमध्ये जीएल-५ चालेल.

मूळच_बरं
१८ मार्च, सकाळी १०:३०

वायरिंग सहा व्होल्टचीच ठेवणार ना? बारा करणाऱ्यांना मी विरोध करतो. गाडी मूळची तशी आहे, तशीच राहू द्या.

जीपवाली
१८ मार्च, सकाळी ११:१०

मी बारा केली आणि मला ते पटतं. पावसाळ्यात संध्याकाळी दिवे, वायपर, ब्रेक लाइट सगळं एकदम लागतं. जुना डायनॅमो आयडलला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. किंग्ज सर्कलला अर्धा तास अडकलात की बॅटरी बसते. मागच्याला माझे दिवे दिसले पाहिजेत, ही मूळ स्वरूपापेक्षा मोठी गोष्ट आहे.

मास्तर_दादर
१८ मार्च, संध्याकाळी ७:२५

दोघांचंही ऐकून सांगतो. सहा व्होल्टची बदनामी बहुतेक केबलमुळे झाली आहे. सहा व्होल्टला तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो. बाजारातली तयार केबल बारा व्होल्टसाठी असते, बारीक. ती लावली की स्टार्टर रडतो आणि लोक म्हणतात सहा व्होल्टचं असंच असतं. बोटाएवढी जाड केबल घ्या, अर्थची जागा रंग खरवडून चकचकीत करा, इंजिन ते चॅसी वेगळी अर्थ पट्टी द्या. मग ती रुबाबात फिरते.

एक लक्षात असू द्या, ह्या गाडीत बॅटरीचं प्लस टोक अर्थला आहे. चार्जर किंवा एलईडी उलटं लावलंत तर जळेल. मागच्या दिव्यांना प्लस अर्थवर चालणारे सहा व्होल्टचे एलईडी घाला, डायनॅमोवरचा भार बराच उतरतो. रात्रीचं रोज चालवणार असाल तर जीपवालीताईंचं बरोबर, बारा करा. दिवसाच चालवणार असाल तर सहा पुरे.

शिवडीकर
१८ मार्च, रात्री १०:००

मी दिवसाच चालवणार. सहाच ठेवतो, जाड केबल आणि मागे एलईडी.

शिवडीकर
५ एप्रिल, संध्याकाळी ६:१५

चालू झाली! ऑइल प्रेशर रस्त्यावर ४० पौंडांच्या आसपास, आयडलला १५ च्या वर. तापमान काटा मधे, हलत नाही. शिवडीहून लालबागपर्यंत नेऊन आणली. गणेश टॉकीजच्या सिग्नलला एक टॅक्सीवाले खाली उतरून दरवाजावरचं नाव वाचून गेले.

पण इंजिन एकसारखं नाही. आयडलला थरथरते, आणि परळच्या पुलावर चढताना दम लागतो. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून बघू का?

मास्तर_दादर
६ एप्रिल, सकाळी ६:३०

नको. कार्ब्युरेटर शेवटी. हा क्रम मोडला की माणूस महिनाभर स्क्रू फिरवत बसतो.

आधी कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सहाही प्लग बाहेर, थ्रॉटल उघडा. आकडा १०० पौंडांच्या आसपास असावा, पण आकड्यापेक्षा सहाही एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला वर ढकलणारा भाग यांच्यातलं अंतर. पुढच्या चाकाजवळच्या आतल्या पत्र्याचं झाकण काढून हात जातो. मॅन्युअलमधलं गरम इंजिनाचं माप ठेवा. सैल व्हॉल्व्ह वाजतो, टाइट व्हॉल्व्ह गप्प राहून जळतो. म्हणून कानाला गोड लागेल असं सेटिंग करू नका, थोडी टिकटिक असू द्या.

मग डिस्ट्रिब्युटर. त्यातल्या पॉइंटचं अंतर वीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर. कंडेन्सर जुनाच चांगला असेल तर बदलू नका. वायरींचा क्रम १-५-३-६-२-४. टायमिंगसाठी सहाव्या सिलिंडरवर हेडमध्ये एक छोटा प्लग आहे. तो काढून आत तार सोडा, पिस्टन वर आला की तार वर येते आणि थांबते. पुलीवरची खूण खरी आहे का ते त्याने तपासा.

मग व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. आयडलला काटा १७ ते २१ इंचांच्या मधे स्थिर हवा. एका लयीत थोडा पडून परत येत असेल तर एक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सावकाश वर-खाली तरंगत असेल तर मिश्रण. आता कार्ब्युरेटरचा स्क्रू, काटा सगळ्यात वर जाईल तिथे आणि मग किंचित मागे.

शिवडीकर
१२ एप्रिल, रात्री ९:२०

कॉम्प्रेशन: पाच सिलिंडर १०० ते १०५, सहावा ८२. ऑइल घालून ८४. म्हणजे व्हॉल्व्ह. टॅपेट मोजलं तर सहाव्याच्या एक्झॉस्टला अंतर मोजायची पातळ पातीसुद्धा जात नव्हती. माप केलं, थोडी चालवली, पुन्हा मोजलं तर ९६. बहुतेक बैठकीवरचा कार्बन झडला. पॉइंटचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं.

काटा आता १९ वर आहे आणि हलत नाही. परळचा पूल टॉप गिअरमध्ये चढते.

मास्तर_दादर
१३ एप्रिल, सकाळी ६:४५

हेच ऐकायचं होतं. हजार मैलांनी सहाव्याचं टॅपेट पुन्हा बघा. तेव्हाच चॅसीवरच्या सगळ्या निपलांना ग्रीस: किंगपिन, टाय रॉड, स्प्रिंगचे शॅकल, प्रोपेलर शाफ्ट. जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं.

पीयूसीलाही आता भीती नाही. जुन्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतं. गाडी पूर्ण गरम करून न्या.

नवा_वाचक
८ जून, दुपारी ३:३०

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. आता पावसाळ्यात काय करणार? आणि अॅव्हरेज किती देते?

शिवडीकर
८ जून, रात्री १०:१०

लिटरला सहा-सात किलोमीटर, सिग्नल किती लागतात त्यावर. वेग ६०-६५ ठेवतो, त्यापुढे इंजिनाला त्रास होतो हे आवाजावरून कळतं.

पावसाळ्यात उभी करणार नाही, पण जोराच्या पावसात काढणार नाही. वायपर व्हॅक्यूमवर चालतात, म्हणजे चढावर अॅक्सिलरेटर दाबला की तेच हळू होतात. पेडर रोडचा चढ आणि सर, हे एकत्र नको. डिस्ट्रिब्युटर ब्लॉकच्या बाजूला खाली आहे, पाणी उडालं की बंद. त्याला पातळ रबराचा आडोसा केलाय. हिंदमाता आणि मिलन सबवेचा रस्ता चार महिने बंद, माझ्यापुरता.

उघडीप मिळाली की दर रविवारी सकाळी निदान अर्धा तास, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही नीट गरम होतील एवढी. नुसतं जागेवर चालू करून बंद करत नाही, त्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणीच साठतं.

जीपवाली
९ जून, सकाळी ८:२०

चुकून साचलेल्या पाण्यातून गेलातच तर बाहेर पडल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चालवा, ड्रम सुकेपर्यंत. नाहीतर पुढच्या सिग्नलला गाडी थांबत नाही. आणि त्याच आठवड्यात डिफरन्शियलचा प्लग सैल करून दोन थेंब बघा. ऑइल ताकासारखं पांढरं असेल तर सगळं बदला.

मास्तर_दादर
९ जून, रात्री ८:४०

चॅसीला खालून जुनं इंजिन ऑइल फासायची आपल्याकडे पद्धत आहे, ती करू नका. रबराच्या बुशा खराब होतात आणि ब्रेकवर गेलं तर संपलंच. मेणाचं गंजरोधक मिळतं, ते हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्यांच्या आत पोचेल असं मारा. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जायची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. दरवाजा तिथूनच सडतो, आणि तुमच्या दरवाजावर नाव आहे.

गाडीत बरोबर ठेवायचं सामान: पॉइंटचा एक सेट, कंडेन्सर, रोटर, पंख्याचा पट्टा, पंपाचा पडदा, पाण्याचा कॅन, आणि उलट्या आट्याचे दोन नट.

शिवडीकर
९ जून, रात्री ९:०५

नट सोडून सगळं आहे. नट उद्या लेथवाल्याकडे टाकतो, चार करून घेतो. कुणाच्या डॉजला हवे असतील तर इथेच सांगा, एकदमच करून घेऊ.